गाणं दिलंत, नावं कुठे ठेवलीत? मराठी संगीत कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क बाळगणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापक यांस

विषय : डिजिटल सेवांकडे गाणी पाठवताना गीतकार, संगीतकार, साथीदार आणि साल यांचे रकाने रिकामे सोडण्याबाबत

स. न. वि. वि.

पत्र खुलं लिहिते आहे, कारण बंद पत्राचा अनुभव घेऊन झालाय. तुमच्यापैकी एका कंपनीला मी रीतसर ईमेल केली होती. ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असं उत्तर लगोलग आलं. त्यानंतर तो विभाग आणि मी, दोघंही आपापल्या जागी सुखरूप आहोत. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्यांना वाटायचं, पत्र आपल्याला नाही.

मी कोथरूडला राहते. बँकेतून निवृत्त झाले, पेटी वाजवते, आणि ऐकणं हाच आता मुख्य उद्योग आहे. मुलगी-जावई म्यूनिकला असतात. मागच्या खेपेला मी तिकडे राहायला गेले तेव्हा त्या दोघांचं गाण्याचं ॲप बदलायचं चाललं होतं. स्पॉटिफाय सोडून कोबझ घ्यायचं. स्पॉटिफायही युरोपचंच, स्वीडनचं; पण ते आता अवाढव्य. कोबझ पॅरिसचं, 2007 पासूनचं, आणि मंडईपुढे गल्लीतलं वाण्याचं दुकान असावं तेवढंच. फुकट ऐकायची सोय नाही, गप्पांचे कार्यक्रम नाहीत. महिन्याचे पैसे भरा आणि गाणी ऐका.

बदलायचं कारण दोघांचं वेगवेगळं. स्पॉटिफायचे संस्थापक डॅनियल एक यांच्या प्रिमा मटेरिया या गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने 2025 च्या जूनमध्ये हेल्सिंग या युद्धतंत्रज्ञान कंपनीत 60 कोटी युरो गुंतवले गेले. हेल्सिंग म्यूनिकचीच. जावयाला एवढं पुरलं. ‘माझ्या गाण्याच्या वर्गणीतून ड्रोन नकोत’ म्हणाला. वर्गणीचा पैसा थेट तिकडे जात नाही हे त्यालाही कळतं, पण माणसाला एकदा एखादी गोष्ट खुपली की खुपली. मुलीचं कारण पैशांच्या वाटपाचं. तो हिशेब पुढे येतोच, कारण त्यात तुम्ही आहात. आवाजाचा दर्जा हे कोबझचं मोठं नाव आहे, 24 बिट 192 किलोहर्ट्झपर्यंत. पण माझ्या वयाच्या कानांनी त्यावर मत देऊ नये.

मला पटलं ते तिसरंच. जावयाने बीथोव्हनच्या एका चौकडीचा अल्बम लावला आणि फोन माझ्या हातात दिला. चारही वादकांची नावं, कोण काय वाजवतं ते. ध्वनिमुद्रण कुठल्या सभागृहात झालं, कुठल्या महिन्यात. ध्वनिमुद्रण करणारा कोण. अल्बमबरोबरची छापील पुस्तिकाच्या पुस्तिका तिथे उघडून वाचता येत होती. दुसऱ्या एका अल्बमच्या पुस्तिकेत तर पियानो कोणी लावला त्याचंही नाव होतं. म्हणजे वाजवला कोणी ते सोडाच, सुरात कोणी आणला त्याचं! मी पेटीवाली. पेटीचे सूर लावणारा माणूस पुण्यात आता किती मुश्किलीने मिळतो ते मला ठाऊक आहे. त्याचं नाव कुठे छापून येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग मराठी गाणी शोधली.

हे दुखणं कोबझचं नाही, स्पॉटिफायचंही नाही, हे आधीच सांगते. गाणं ऐकवणारी सेवा तुमच्याकडून आलेली माहिती जशीच्या तशी मांडते. डीडीईएक्स नावाचा ठरलेला साचा आहे, त्यात फाइल भरून एकदा पाठवली की तीच सगळीकडे जाते. त्या साच्यात गीतकाराला जागा आहे, संगीतकाराला आहे, तबलजीला आहे, पेटीवाल्यालाही आहे. जागा रिकामी राहते ती तुमच्या कचेरीत. मोठ्या ॲपवर हे जाणवत नाही, कारण तिथे नावं बघायला कोणी जात नाही, चित्र दिसतं आणि गाणं सुरू होतं. जी सेवा नावं मांडण्यावरच उभी आहे तिथे मात्र रिकामा रकाना डोळ्यांत भरतो. शेजारच्या अल्बमवर पियानो लावणारा आणि आपल्या अल्बमवर ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’.

जुनी यादी नव्या सेवेकडे नेण्यासाठी साउंडीझसारखी साधनं असतात. ती मुख्यतः गाण्याचं नाव आणि गायकाचं नाव पाहून जोड्या जुळवतात. जावयाने मुलीची यादी त्यात घातली. इंग्रजी गाणी सटासट गेली, जर्मन गेली, हिंदीतली बरीचशी गेली. शेवटी ‘न जुळलेली’ म्हणून जी यादी उरली ती वाचताना एखाद्या दिवाळी पहाटेचा कार्यक्रम वाचतोय असं वाटत होतं. सगळी मराठी. गाणी तिथे नव्हती असं नाही. हाताने शोधल्यावर त्यातली कितीतरी सापडली. पण एकच गायक एकीकडे ‘पंडित’, दुसरीकडे ‘पं.’, तिसरीकडे ‘डॉ.’, चौथीकडे नुसताच. आणि रोमन लिपीत आडनावाच्या शेवटी कधी एक ‘ए’ तर कधी दोन. यंत्राच्या लेखी ही चार वेगळी माणसं. गायकाच्या नावाने पान उघडलं की त्याची पाव गाणी दिसतात, उरलेली तीन भाऊबंदांकडे वाटलेली. मान द्यावा, पण रकान्यात नको. रकान्यात नाव लिहावं.

हे सगळं मला इतकं का लागलं ते सांगते. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. त्या जुन्या तबकड्या ऐकल्यात ना? गाणं संपता संपता बाई स्वतःच ठणकावून सांगतात, ‘माय नेम इज गौहर जान’. लोकांना तो नखरा वाटतो. तो नखरा नव्हता. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरच्या कारखान्यात. तिथल्या माणसाला हे गाणं कोणाचं ते कळावं आणि चिठ्ठी बरोबर चिकटावी म्हणून गायकाने नाव मुद्रणातच बोलून ठेवायचं, अशी रीत होती. एक तबकडी, तीनेक मिनिटांची जागा, आणि त्यातली काही सेकंद नावासाठी राखलेली. आज तुम्हीही गाणी युरोपात पाठवता. बोटीने नाही, क्षणात पाठवता, आणि जागेची टंचाई काडीची नाही. तरी नाव जात नाही.

आता आपल्या गावाचं उदाहरण. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून 1955 च्या रामनवमीला, 1 एप्रिलला सुरू झालं आणि वर्षभर चाललं. 56 गीतं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडके यांचं. हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण आकाशवाणीवर ती गीतं निरनिराळ्या गायकांनी गायली होती. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिता फडके होत्या, राम फाटक होते. बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका पुढच्या, साठच्या दशकातल्या. तेव्हा ‘गीतरामायण’ एवढंच लिहून भागत नाही. कुठलं, कोणाचं, कधीचं, हे लिहावं लागतं. ॲपवर साल कुठलं दिसतं माहीत आहे? ज्या वर्षी तुमच्या माणसाने फाइल चढवली ते. माझी जर्मनीत वाढणारी नात उद्या म्हणेल, गीतरामायण 2010 नंतरचं आहे. तिला चूक म्हणायला माझ्याकडे तुमचा कागद नसेल.

अभंगांचं तर त्याहून वाईट. शब्द तुकोबांचे किंवा नामदेवांचे, म्हणून संगीतकाराच्या रकान्यातही बिनदिक्कत ‘ट्रॅडिशनल’ ठोकून दिलेलं असतं. भीमसेन जोशींनी गायलेल्या अभंगांतल्या काहींच्या चाली राम फाटकांच्या आहेत, काही श्रीनिवास खळ्यांच्या. शब्द परंपरेचे, चाल परंपरेची नाही. एका जिवंत माणसाने बसून, पेटीवर स्वर चाचपून, ती बांधलेली आहे. माणूस गेल्यावर त्याची चाल वाऱ्यावर सोडायची, हा कुठला हिशेब?

आणि हिशेब म्हणजे नुसता मानाचा नव्हे, रोकडा. 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. गीतकाराने आणि संगीतकाराने हक्क विकून टाकले असले तरी स्वामित्वधनातला त्यांचा वाटा त्यांच्याकडेच राहतो, तो लिहून घेता येत नाही. हा वाटा गोळा करून पोचवायचं काम आयपीआरएस या संस्थेचं. पण ध्वनिमुद्रणावर गीतकाराचं नावच नसेल, किंवा ‘ट्रॅडिशनल’ असेल, तर पैसा पोचवायचा कोणाला? मुदतीचाही विचार करा. ध्वनिमुद्रणावरचा तुमचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो. गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या निधनानंतर 60 वर्षं चालतो. माडगूळकर 1977 मध्ये गेले, फडके 2002 मध्ये. म्हणजे त्या दोघांच्या वारसांचे हक्क 2037 आणि 2062 पर्यंत आहेत. तुमची मुदत त्यांच्या कितीतरी आधी संपते. ती संपली की कोणीही उठून तुमचीच फाइल उचलणार, आणि तुम्ही रिकामे सोडलेले रकाने तो काही भरत बसणार नाही.

तुमचं स्वतःचं नुकसान कळत असेल तर तेही सांगते. मोठ्या सेवांची साधारण रीत अशी की सगळ्यांच्या वर्गण्या एका हंड्यात पडतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा हिस्सा तेवढे पैसे त्याला. मी महिनाभर फक्त नाट्यगीतं ऐकली तरी माझी वर्गणी बहुतेक अशा गाण्यांना जाते जी मी आयुष्यात ऐकलेली नाहीत. त्यात स्पॉटिफायने 2024 पासून नियम केला की मागच्या 12 महिन्यांत जे गाणं 1000 वेळाही ऐकलं गेलं नाही त्याला काही नाही. आता बघा तुम्ही काय करता. एकच नाट्यगीत ‘सुवर्णगीते’, ‘सदाबहार’, ‘श्रावणसरी’, ‘आठवणीतली’ अशा डझनभर संग्रहांत घालता, आणि दर वेळी नवा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक. क्रमांक वेगळा म्हणजे मोजणी वेगळी. ऐकणारे विखुरतात, आणि जे गाणं एकत्र मोजलं असतं तर हजाराची वेस सहज ओलांडलं असतं ते डझनभर ठिकाणी वेशीबाहेर बसतं. बँकेत खातेदाराची एकाच नावाची बारा खाती निघाली तर आम्ही आधी व्यवस्थापकाला जाब विचारायचो.

कोबझने 2025 मध्ये आपला सरासरी दर जाहीर केला, एका वेळच्या ऐकण्याला 0.01873 डॉलर. हजार वेळेला पावणेएकोणीस डॉलरच्या आसपास. मुलीने सेवा बदलली ती या आकड्यावर. मी तिला म्हटलं, आकडा छान आहे, पण त्यामागचं कारणही बघ. तिथे फुकट ऐकणारे नाहीत आणि पैसेवाल्या देशांतली गिऱ्हाइकं आहेत, म्हणून सरासरी वर जाते. शिवाय हे पैसे कलावंताच्या हातात पडत नाहीत, ते हक्कधारकाला मिळतात. म्हणजे तुम्हाला. पुढे कलावंताला काय मिळतं ते तुमच्या करारात, आणि तुमचे करार कोणी पाहिलेत? तरीही परदेशातला मराठी माणूस चढ्या वर्गणीच्या सेवेवर जाऊन मराठी गाणं शोधतो आहे, ही तुमच्या फायद्याचीच गोष्ट. त्याला ते सापडू द्या एवढंच.

कोबझ भारतात नाही. त्यामुळे मी पुण्यात परत आले आणि पुन्हा जुन्याच ॲपवर आले. तुम्ही म्हणाल, मग इथे काय अडलंय? अडलंय असं की सेवा येतात आणि जातात. आपल्या पुण्यातून चालणारी ‘धिंगाणा’ नावाची गाण्यांची सेवा आठवते? शिंदे बंधूंनी 2007 मध्ये सुरू केलेली, आमच्या बँकेतली पोरं दिवसभर तीच लावून बसायची. 2014 मध्ये बंद पडली आणि आर्डिओ या दुसऱ्या सेवेने घेतली. पुढच्या वर्षाअखेर आर्डिओच आटोपली. रेसो 2024 च्या जानेवारीत भारतातून गेली, त्याच वर्षी विंकही. दर वेळी लोकांच्या याद्या बुडाल्या. ऐकणारा आज इथे, उद्या तिथे. गाण्याबरोबर सगळीकडे जाते ती फक्त तुमची फाइल. म्हणून पत्र तुम्हाला आहे, ॲपवाल्यांना नाही.

एक घरची गोष्ट सांगते. माझे पेटीचे मास्तर सदाशिव पेठेत राहायचे. मोठ्या गायकांबरोबर साथ केली, पण स्वभाव असा की ‘वाजवलं, संपलं’. एका एलपीवर त्यांची साथ आहे. मागच्या बाजूला खाली, बारीक टायपात, तबल्यानंतर त्यांचं नाव आहे. मास्तर गेल्यावर त्यांच्या नातवाने मला विचारलं, आजोबा वाजवतात ते कुठे ऐकायला मिळेल? मी म्हटलं, अरे आहे की ॲपवर. उघडून दिलं. त्याने गाणं ऐकलं, मग पडदा वर-खाली करत राहिला. गायकाचं नाव होतं, कंपनीचं होतं, हक्क राखीव असल्याची ओळ होती. मुलगा म्हणाला, ‘हे आजोबाच कशावरून?’ मी कपाटातून एलपी काढून कव्हर पालथं केलं, त्याने फोटो काढला. त्या घरात आता तो फोटो आहे. तुमच्या घरात काय आहे?

‘जुने कागद राहिले नाहीत’ हे उत्तर येणार, मला ठाऊक आहे. कागद तुमच्याकडे नसतील, पुण्यात आहेत. पुण्यातल्या कपाटांमध्ये एलपीची कव्हरं जपून ठेवलेली आहेत. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकरांकडून घेतलेल्या कॅसेटी आहेत, आतल्या घडीच्या कागदासकट. माणसं अजून आहेत, ज्यांना ठेक्यावरून सांगता येतं की हे वसंतराव आचरेकर, आणि पेटीच्या एका जागेवरून सांगता येतं की हे अप्पा जळगावकर. सवाईच्या मंडपात माझ्या शेजारी बसणारे एक काका आहेत, ते तंबोऱ्यावर कोण बसलं होतं तेही सांगतात, साडीच्या रंगासह. ही माणसं ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या संबंधित विभागाने सावकाशीने काम करायचं ठरवलं तर माहिती देणारे राहणार नाहीत.

मागणं फार नाही. नवीन काही चढवण्याआधी जुनं नीट करा. एका गाण्याला एक क्रमांक. गायकाचं एकच नाव, बिरुदांशिवाय. गीतकार, संगीतकार, आणि कव्हरवर असतील ते सगळे साथीदार आपापल्या रकान्यात. मूळ ध्वनिमुद्रिकेचं साल. कव्हराची मागची बाजू चित्र म्हणून जोडा. पुस्तिका दाखवणाऱ्या सेवा आहेत, त्यांना दाखवायला काहीतरी द्या. सुरुवात कुठून करायची हे ठरत नसेल तर अभंगांपासून करा, कारण तिथे ‘ट्रॅडिशनल’ खोडण्याने कोणाच्या तरी घरी खरोखरचे पैसे जाऊ लागतील.

मदत हवी असल्यास आम्ही काही जणं आहोत. बहुतेक निवृत्त, बहुतेकांना संगणकावर तक्ता भरता येतो, आणि चुकीच्या शुद्धलेखनाचा मनापासून राग येतो. मानधन मागत नाही. तुमच्या यादीची फाइल पाठवा, आम्ही रकाने भरून, कव्हराच्या फोटोसह परत पाठवू. तपासून घेणं तुमच्याकडे. कोणाला प्रत्यक्ष येऊन फोटो काढायचे असतील तरी हरकत नाही, आधी फोन करावा. रेकॉर्ड आणि कव्हर घराबाहेर दिलं जाणार नाही.

कळावे,

आपली एक जुनी गिऱ्हाईक
कोथरूड, पुणे